रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि आपल्या भजनाचा सूर

ज्या सुरांनीं लोक जत्रेंत व चव्हाट्यावर रिझतात, त्याच सुरांनीं देवाची स्तुति करावी काय, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीस नवा नाहीं. मध्ययुगांत युरोपांतील उपासनेचें गायन लॅटिन भाषेंत, संथ एकसुरी चालीवर, शिकलेले पाळक व मठवासी करीत. बाहेर फिरते गायक आपल्याकडील शाहिरांप्रमाणें लोकभाषेंत शौर्याचीं व प्रीतीचीं गीतें गात. शेतकऱ्यास पहिलें गायन समजत नसे, आणि दुसऱ्यांत बहुधा प्रार्थना नसे. इटलींतील असीसीचा फ्रान्सिस, जो १२२६ सालीं वारला, त्यानें लोकभाषेंत देवाच्या स्तुतीचें गीत रचलें. पुढें तेथील साधे लोक आपल्याच बोलींत स्तोत्रें गाऊं लागले.

महाराष्ट्रांत हेंच काम ज्यांनीं विशेषेंकरून केलें, त्या टिळकांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवितों.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें ब्राह्मण कुळांत झाला. आईच्या मृत्यूनंतर ते बाळपणींच नाशिकास गेले व तेथें संस्कृत शिकले. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकलें. फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. याची किंमत मोठी होती: आप्त दुरावले, आणि पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यांत राहिले. त्या काळीं मंडळ्यांत पुष्कळ गीतें इंग्रजी चालींवर बसविलेलीं असत. मराठी शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घ त्या चालींत मोडत, आणि गाणाऱ्याच्या ओठांवर आलेलें अंतःकरणांत उतरत नसे. नगरास कृष्णराव सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधींच पाडिली होती. टिळकांनीं ती रुंद केली. अभंग, ओवी व पदें यांत त्यांनीं शेंकडों गीतें रचिलीं, आणि टाळमृदंगाच्या साथीनें प्रभूचें चरित्र सांगितलें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते उघड म्हणत.

कित्येक बंधूंस येथें शंका येते, आणि ती क्षुल्लक नाहीं. जें सोडून आलों, तें टाळाबरोबर पुन्हा घरांत तर येणार नाहीं ना? लातूर, उदगीर, नांदेडकडील खेड्यांत एकादशीच्या रात्रीं हेच टाळ वाजतात. आम्हांस वाटतें कीं टाळास धर्म नाहीं; धर्म गाणाऱ्याच्या अंतःकरणांत व गीताच्या अर्थांत असतो. दाविदाची वीणाही राजवाड्यांत वाजत होती. म्हणून पारख चालीची नव्हे, शब्दांची करावी.

अभंगाचा आणखी एक गुण आहे. पुढचा चरण गातो, मागचे तोच उचलतात, आणि ध्रुपद पुनः पुनः येतें. ज्या म्हातारीस अक्षर ठाऊक नाहीं, तिलाही चार वेळां ऐकून सर्व उपदेश पाठ होतो, आणि मग तो जात्यावरही तिच्या सोबतीस असतो.

टिळकांनीं १९०९ सालीं ओवीबद्ध ख्रिस्तायन आरंभिलें, परंतु तें त्यांच्या हातून पुरें झालें नाहीं. १९१२ पासून ज्ञानोदय पत्राचा मराठी भाग ते संपादित. १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांसही जागा होती. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते प्रभूकडे गेले. त्यांचें अपुरें काव्य लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें, व तें १९३८ सालीं प्रसिद्ध झालें.

उपदेशक बंधूंस आमची विनंति इतकीच कीं, नवें गीत शिकवितांना आधीं अर्थ सांगावा, मग चाल धरावी. ज्या गांवीं पेटी नाहीं, तेथें टाळ पुरे. टाळही नसेल, तर हात आहेतच.