एक चमचा ओट्स आणि एक अख्खे सफरचंद

वडूजसारख्या तालुक्याच्या गावीही आता किराणा दुकानात ओट्सची पाकिटे मिळतात. रात्री बरणीत ओट्स, दूध, सुकामेवा घालून ठेवायचा आणि सकाळी न शिजवता खायचा, ही शहरातील धावपळीच्या न्याहारीची रीत हळूहळू गावाकडेही पोहोचली आहे. ही रीत नवी वाटत असली, तरी तिचे मूळ शंभर वर्षांहून जुने आहे. माक्सिमिलियान बिर्खर-बेनर या स्विस डॉक्टरने ती रुग्णांसाठी रूढ केली. त्यांच्या वाटीत ओट्स फक्त एक चमचा होते, ही गोष्ट मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

स्वित्झर्लंडमधील आराऊ या गावी 22 ऑगस्ट 1867 रोजी बिर्खर यांचा जन्म झाला. वडील नोटरी होते. बिर्खर यांनी झुरिचला वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि 1891 मध्ये त्याच शहरातील कामगारवस्तीत दवाखाना थाटला. पुढे अल्सास प्रांतातील एलिझाबेथ बेनर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पत्नीचे आडनाव त्यांनी आपल्या आडनावाला जोडून घेतले आणि याच जोडनावाने ते जगाला परिचित झाले.

तो काळ मांसाहाराच्या प्रतिष्ठेचा होता. म्यूनिखचे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फॉइट यांनी कष्टकरी माणसाला रोज 118 ग्रॅम प्रथिने लागतात, असे मांडले होते आणि युरोपातील वैद्यकविश्वाने ते प्रमाण मानले होते. आहारशास्त्रात प्रथिने आणि उष्मांक यांचाच हिशेब चाले. फळे व पालेभाज्या म्हणजे पाण्याने भरलेला, पोट फुगवणारा जिन्नस, अशीच समजूत होती. कच्चे फळ रुग्णाला देणे तर धोक्याचे मानले जाई.

अशा वेळी बिर्खर यांच्याकडे पोटाच्या विकाराने जर्जर झालेली एक स्त्री आली. शिजवलेले हलके अन्नही तिला पचेना. नेहमीचे सारे उपाय थकले, तेव्हा एका शाकाहारी परिचिताच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी तिला कच्च्या फळांचा आणि भाज्यांचा आहार दिला. ती बरी होऊ लागली. तरुणपणी कावीळ झाली असता कच्च्या सफरचंदाने आपल्यालाही उतार पडल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. एकदोन अनुभवांवरून सिद्धान्त उभारणे शास्त्राला धरून नव्हे. पण बिर्खर तेथेच थांबले नाहीत. त्यांनी अनेक रुग्णांवर हा आहार वापरून पाहिला आणि नोंदी ठेवल्या.

1900 साली झुरिचच्या डॉक्टरांच्या संस्थेसमोर त्यांनी आपले म्हणणे मांडले. वनस्पती सूर्याची ऊर्जा साठवतात, कच्च्या अन्नात ती शाबूत राहते, शिजवल्याने उणावते आणि मांसात सर्वांत कमी उरते, असा त्यांचा दावा होता. त्यासाठी त्यांनी उष्मागतिकीच्या नियमांचा आधार घेतला. सहकाऱ्यांना तो मुळीच पटला नाही. बिर्खर यांनी शास्त्राची हद्द ओलांडली, असा ठपका त्यांच्यावर आला आणि व्यवसायबंधूंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

सिद्धान्तापुरते पाहिले, तर सहकारी बरोबर होते. अन्नातील सूर्यप्रकाशाची बिर्खर यांची कल्पना पुढे टिकली नाही. शिजवल्याने पिष्टमय पदार्थ अधिक चांगले पचतात, हेही खरे आहे. परंतु रुग्णांच्या ताटात त्यांनी जे वाढले, ते मात्र टिकले. 1912 मध्ये काझिमीर फुंक यांनी जीवनसत्त्वांची कल्पना मांडली आणि ताज्या फळभाज्यांत उष्मांकापलीकडेही काही असते, हे शास्त्राला मान्य करावे लागले. कारण चुकीचे आणि उपाय बरोबर, असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. बिर्खर यांचे प्रकरण त्यातलेच.

झुरिचबर्ग या टेकडीवर 1904 मध्ये त्यांचे मोठे आरोग्यधाम सुरू झाले. त्याचे नाव ‘जिवंत शक्ती’ या अर्थाचे होते. श्रीमंत, लेखक, कलावंत तेथे पैसे मोजून येत आणि कडक शिस्तीत राहत. पहाटे उठणे, न्याहारीपूर्वी फिरणे, व्यायाम, बागकाम, सूर्यस्नान, गार पाण्याने स्नान आणि रात्री नऊच्या सुमारास दिवे बंद. मद्य, तंबाखू आणि कॉफी वर्ज्य. जर्मन कादंबरीकार टोमास मान 1909 मध्ये तेथे राहिले, तेव्हा त्यांना तो आरोग्याचा तुरुंगच वाटला. तरी उपचाराचा गुण आल्याचे त्यांनी मान्य केले.

याच काळात इकडे खटाव तालुक्यात, औंध संस्थानात, बिर्खर यांच्याहून एका वर्षाने लहान असलेले भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन प्रजेच्या प्रकृतीचा विचार करीत होते. 1909 मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी शाळाशाळांतून नमस्कार सुरू केले आणि 1928 मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केले. औंध आणि झुरिच यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण औषधाच्या बाटलीपेक्षा रोजच्या सवयीवर विश्वास ठेवणारी माणसे त्या पिढीत दोन्हीकडे होती.

बिर्खर यांच्या आरोग्यधामातील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे म्यूसली. आल्प्सच्या डोंगरात फिरताना एका धनगर कुटुंबात मिळालेल्या खाण्यावरून तो सुचल्याचे सांगतात. म्यूसली म्हणजे स्विस बोलीत छोटासा लगदा. खुद्द बिर्खर त्याला सफरचंदाचा पथ्याचा पदार्थ म्हणत आणि ते नावच अधिक खरे होते. त्यांचे माप असे: एक मोठा चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवायचे. सकाळी त्यात एक चमचा लिंबाचा रस आणि एक चमचा आटवलेले गोड दूध मिसळायचे. मग सुमारे दोनशे ग्रॅमचे सफरचंद सालीसकट, गाभ्यासकट त्यातच किसायचे, ढवळायचे, वर एक चमचा कुटलेले हेझलनट किंवा बदाम घालायचे आणि लगेच खायचे.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण होते. ओट्स शिजवायचे नव्हते, म्हणून रात्रभर भिजवणे आले. लिंबाने किसलेले सफरचंद काळे पडत नाही. ताज्या दुधातून क्षयाचा संसर्ग होण्याची त्या वेळी भीती होती, म्हणून डब्यातले दूध. आदल्या रात्री करायचे ते फक्त भिजवणे. फळ खाण्याच्या वेळीच किसायचे, हा दंडक होता.

1923 मध्ये बिर्खर यांनी आरोग्यविषयक मासिक सुरू केले आणि त्यांच्या भगिनीने या आहाराचे पाककृतींचे पुस्तक लिहिले. ज्या वैद्यकविश्वाने त्यांना दूर लोटले होते, तेही हळूहळू ऐकू लागले. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉ. डोरोथी हेअर यांनी 1936 मध्ये जुनाट सांधेदुखीच्या बारा रुग्णांना कच्चा आहार देऊन पाहिला. त्यात न्याहारीला भिजवलेले ओट्स आणि किसलेले सफरचंदच होते. बहुतेकांना आराम पडला. अर्थात, रुग्णसंख्या इतकी थोडी होती, की त्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. 24 जानेवारी 1939 रोजी झुरिच येथे बिर्खर-बेनर यांचे निधन झाले. त्यांचे आरोग्यधाम 1994 पर्यंत चालले.

पदार्थ मात्र जगभर गेला आणि जाताना उलटा झाला. पाकिटबंद म्यूसलीत धान्याचे प्रमाण वाढले, साखर आली, सफरचंदाच्या जागी सुकलेले तुकडे आले. पाकिटातील ओट्सही वाफवून चपटे केलेले असतात. म्हणजे ज्या कच्चेपणासाठी बिर्खर झगडले, तो भिजवण्यापूर्वीच संपलेला असतो. त्याने फार बिघडत नाही. ओट्समधील विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतो, हे आता सर्वमान्य आहे आणि वाफवल्याने तो जात नाही. बिघडते ते फळ वगळल्याने.

माणदेशाला लागून असलेल्या या कोरड्या पट्ट्यात भिजवण्याची कला कोणी शिकवायला नको. मटकी, हरभरे, आंबिलीचे पीठ रात्री भिजत घालणे ही येथील नित्याची गोष्ट आहे. चपटे ओट्स तीनचार तासांतही मऊ होतात. उन्हाळ्यात भांडे बाहेर राहिल्यास आंबण्याची भीती असते, तेव्हा ते फ्रिजमध्ये ठेवावे. हेझलनटाऐवजी भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट चालते. सफरचंद महाग वाटल्यास आटपाडीकडचे डाळिंब किंवा पेरू घ्यावा. पेरू किसताना बियांचा गर तेवढा आधी काढावा, आणि लिंबू विसरू नये.