म्हातारपणाची काळजी तिशीतच, आणि तीही गावात : डॉ. मेबल आरोळेंनी घालून दिलेली वाट

जिंतूर, पाथरी, गंगाखेड... परभणी जिल्ह्यातल्या गावांमध्ये आशाताई तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म भरतात आणि बीपी-शुगर तपासायला उपकेंद्रात पाठवतात. साठीत लकवा मारू नये म्हणून तिशीपासूनच लक्ष ठेवायचं, हा त्यामागचा विचार.

पेशंट दवाखान्यात येण्याची वाट न बघता गावातल्याच बाईने घरोघरी जायचं, ही पद्धत महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव आहे, डॉ. मेबल आरोळे.

त्यांचा जन्म १९३५ चा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. तिथेच शिकलेल्या डॉ. रजनीकांत आरोळेंशी १९६० मध्ये लग्न झालं. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात दोघं काम करू लागले.

तिथे एक गोष्ट त्यांना खुपायला लागली. बरा होऊन घरी गेलेला पेशंट तोच आजार घेऊन परत यायचा. कारण गावातलं पाणी घाण आणि पोटाला पुरेसं अन्न नाही. मग दोघांनी अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये बीडच्या सीमेलगतचं दुष्काळी जामखेड गाठलं.

आधी गावांत नर्स पाठवून पाहिल्या, पण परक्या गावात एकटीने राहणं त्यांना अवघड गेलं. मग गावानेच आपल्यातली बाई निवडायची, असं ठरलं. बहुतेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित. बाळाचं वजन घेणं, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी देणं, सुरक्षित बाळंतपण करणं हे सगळं त्या शिकल्या.

परिणाम काय झाला? १९७१ मध्ये हजारातली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याचा म्हातारपणाशी काय संबंध? म्हातारं व्हायला आधी जगावं लागतं. मुलं जगू लागली, माणसं साठी ओलांडू लागली, तसे आजारही बदलले. पुढे जामखेडच्या याच आरोग्यसेविका बीपी आणि मधुमेहाकडेही लक्ष देऊ लागल्या.

मेबल यांना स्वतःला मात्र दीर्घायुष्य लाभलं नाही. १९९९ मध्ये, अवघ्या ६३ व्या वर्षी त्या गेल्या.

बीपीची गोळी रोज घ्यावी लागते. एकदा फॉर्म भरून ते काम संपत नाही. गोळी घेतली का, हे विचारायला पुन्हा दार वाजवणारं ओळखीचं माणूस गावातच लागतं.