पंडिता रमाबाई : सेवा आणि भाषा

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) चरित्राची चर्चा आपल्याकडे बहुधा त्यांच्या धर्मांतरापाशीच घुटमळते. त्यांची ख्रिस्तनिष्ठा ज्या सेवेतून प्रकटली तिचा, विशेषतः तीमधील भाषिक कार्याचा, विचार मागे पडतो.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळात रमाबाईंचे आईवडील अन्नावाचून गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. वैधव्यानंतर त्या पुण्यास आल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनींनी फुलहॅम येथे 'पतित' ठरलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. रमाबाईंच्या आत्मनिवेदनात बाप्तिस्म्याकडे जाणारी वाट या घरावरून जाते, हे ध्यानात घ्यावयास हवे. सिद्धान्ताआधी त्यांना सेवा दिसली.

१८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. धार्मिक तटस्थतेचे आश्वासन होते. पण रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि मुली तेथे येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची शंका अगदीच निराधार नव्हती. तथापि श्रद्धा झाकून सेवा करणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले असते, हेही तितकेच खरे.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणल्या. स्वतः उपासमार सोसलेल्या बाईस त्यांचे चेहरे अनोळखी नव्हते. केडगावच्या 'मुक्ती'त शेती, विणकाम, छपाई सुरू झाली. अंध स्त्रियांना ब्रेल शिकविले जाऊ लागले.

या स्त्रियांना रूढ मराठी बायबलमधील संस्कृतप्रचुर भाषा दुर्बोध होती. म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक आत्मसात करून मूळावरून नवे भाषांतर आरंभिले. जिची सारी प्रतिष्ठा संस्कृतावर उभी होती, तिनेच संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. हे भाषांतर सर्वत्र प्रवाही नाही. मूळ शब्दावरील निष्ठा वाक्यरचनेस जाचते. परंतु त्याचा वाचक कोण, हे ठरविण्यात कोठेही संदिग्धता नाही. खिळे जुळविणाऱ्या आणि छापणाऱ्याही केडगावच्या स्त्रियाच होत्या.

जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा वारली. रमाबाईंनी काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये 'मुक्ती'च्याच छापखान्यातून बाहेर पडले.