पंडिता रमाबाई : प्रार्थना आणि परिश्रम

महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घेतले जाते. स्त्रीशिक्षण व विधवांचा उद्धार या त्यांच्या कार्याची माहिती अनेकांना असते. परंतु त्या कार्याला नित्य बळ देणारी त्यांची प्रार्थना मात्र फारशी परिचित नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ती विद्या रमाबाईंना दिली. पुढे दुष्काळाने आईवडिलांचे छत्र हिरावून घेतले. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरविले. १८८२ साली पती निवर्तले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत ‘शारदासदन’ स्थापन केले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, प्रत्येकीने आपला धर्म पाळावा, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत कन्येसह रोज प्रार्थना करीत. मात्र खोलीचे दार त्या लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. विश्वासाने मुली पाठविणाऱ्या पालकांना हा वचनभंग वाटला. आपल्या जगण्याचा आधार असलेली श्रद्धा लपवून ठेवणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटे. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक मुली सदन सोडून गेल्या. एवढी मोठी हानी सोसूनही रमाबाईंनी दार बंद केले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना त्यांनी आश्रय दिला. पुण्याजवळील केडगाव येथे ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. तेथे प्रार्थनेबरोबरच शेती, विणकाम, छपाई अशी कामेही नित्याची होती. १९०५ साली तेथे स्त्रियांच्या सामुदायिक प्रार्थनेला उधाण आले, तरी परिश्रमाचा पाठ सुटला नाही. रमाबाईंच्या लेखी भुकेल्या मुलीला अन्न देणे व तिच्या हाताला काम शिकविणे हे प्रार्थनेहून वेगळे नव्हते.

सामान्य स्त्रियांनाही धर्मग्रंथ समजावा, म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले. १९२१ साली मनोरमेचा मृत्यू झाला. त्या आघातानंतरही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

प्रार्थना म्हणजे जगापासून दूर जाणे नव्हे, तर जगाचे दुःख वाहण्याचे सामर्थ्य मिळविणे होय, हेच रमाबाईंच्या जीवनातून दिसते.