जॉन कूपर : बापलेकाची मोटार

पालकहो, 'मिनी कूपर' ही छोटी मोटार आपण ऐकून असतो. त्यातले कूपर म्हणजे इंग्लंडचे जॉन कूपर. त्यांचा जन्म १७ जुलै १९२३ चा. वडील चार्ल्स यांचं लंडनजवळ सर्बिटन इथे गॅरेज होतं. जॉन लहान असतानाच वडिलांनी त्याला मोटारसायकलचं इंजिन लावून छोटी गाडी करून दिली. पंधराव्या वर्षी जॉनने शाळा सोडली आणि कामाला लागला.

१९४६ साल. महायुद्ध नुकतंच संपलेलं, सामानाची टंचाई. तेव्हा बापलेकांनी एका मित्राच्या मदतीने ५०० सीसीची रेसची गाडी जुळवली. दोन फियाट मोटारींचे पुढचे भाग घेतले आणि एकमेकांना जोडले. इंजिन मोटारसायकलचं. चेनने मागची चाकं फिरवायची, म्हणून ते चालकाच्या मागे बसवलं. त्या काळी रेसच्या गाड्यांचं इंजिन बहुतेक पुढेच असायचं. पण ही गाडी हलकी आणि वळणावर चपळ निघाली. पुढे १९५९ आणि १९६० मध्ये कूपरची मागे इंजिन असलेली गाडी फॉर्म्युला वनमध्ये जगज्जेती ठरली. मग सगळ्यांनीच इंजिन मागे नेलं. आजही ते तिथेच आहे.

चार्ल्स १९६४ मध्ये गेले, जॉन २००० मध्ये.

घरी सायकलची चेन उतरली की आपण मुलाला लांब करतो, कपडे खराब होतील म्हणून. पुढच्या वेळी पाना त्याच्या हातात द्या. हात काळे झाले तर होऊ देत.