जवारी ओळखणारा कान

तापीकाठचे बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. पण दख्खनच्या इतिहासात त्याची ओळख उंबरठा अशीच राहिली. उत्तरेतून दक्षिणेकडे उतरणाऱ्या सैन्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, सूफींच्या आणि कलावंतांच्या वाटेवर हे शहर लागे. ज्यांच्या नावावरून त्याला नाव मिळाले ते चिश्ती संत बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये निवर्तले. त्यांची समाधी खुलताबादला आहे. समा, म्हणजे सूफींचे भक्तिगायन, ऐकण्याची त्यांना असलेली ओढ सर्वश्रुत होती. पुढे बुऱ्हाणपुरातच चिरविश्रांती घेणारे शेख बहाउद्दीन बाजन यांनी रागांत गाण्याजोगी भक्तिपदे रचली. त्यांनी स्वतःसाठी घेतलेले बाजन हे नावही वाजण्याशीच नाते सांगते. उत्तरेचा सूर दख्खनेत आला तो अशा दर्ग्यांच्या, दरबारांच्या आणि बाजारांच्या वाटांनी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच दिशेने एक तरुण गवई दक्षिणेकडे आला. त्याची वाट बडोद्यावरून गेली आणि मिरजेला स्थिरावली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव महाराष्ट्रात, गोव्यात आणि कर्नाटकात आजही आदराने घेतले जाते ते किराणा घराण्याचे अध्वर्यू म्हणून. त्यांच्या आयुष्याची आणखी एक बाजू मात्र गायनाच्या चर्चेत मागे पडते. गळ्यातला सूर जितक्या काळजीने लावावा तितक्याच काळजीने तंबोऱ्याचा झंकार निवडावा, हा त्यांचा ध्यास होता. ती निवड त्यांनी दुसऱ्यावर सोपवली नाही.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. याच गावाच्या नावावरून घराण्याला किराणा हे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते नन्हे खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. घरात गाण्याइतकेच सारंगीचे राज्य होते. अब्दुल करीम यांनीही सारंगी हाती घेतली आणि वीणा, सितार, तबला या वाद्यांशी परिचय करून घेतला. सारंगीला पडदे नसतात. तिच्यावर सूर शोधावा लागतो, आणि सापडला तरी तो टिकवून धरावा लागतो. पुढे त्यांच्या आलापीत जो अखंड, संथ, एका सुरातून दुसऱ्यात अलगद उतरणारा स्वर ऐकू आला, त्याचे मूळ या बालपणीच्या शिस्तीत शोधता येते.

तरुणपणी बंधू अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्याच्या दरबारी रुजू झाले. तिथेच सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांची ओळख झाली. धर्म, जात आणि प्रतिष्ठा या तिन्ही भिंती मध्ये उभ्या असताना दोघांनी एकत्र राहण्याचा निर्णय घेतला आणि बडोदे सोडले. दरबाराची सावली गेली, उपजीविकेचा भरवसा गेला. मुंबई आणि मग मिरज असा त्यांचा प्रवास झाला.

मिरज हे त्या काळी गाण्याचे गाव होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले होते. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिक्षण येथेच झाले. या गावाचा दुसरा लौकिक वाद्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा येथील शिकलगार कारागीर सितार आणि तंबोरे घडवण्याकडे वळले. तलवारीला धार लावणारे हात भोपळा, दांडी आणि तारांच्या कामाला लागले. पंढरपूरच्या परिसरात पिकणारे मोठे कडू भोपळे त्यांना जवळ मिळत. ज्या गवयाला वाद्याचे पोट उघडून पाहण्याची सवय होती, त्याच्यासाठी याहून योग्य गाव दुसरे नव्हते.

खाँसाहेब वाद्ये स्वतः दुरुस्त करीत. अवजारांची पेटी बाळगणारा आणि तंबोऱ्याची घोडी स्वतः घासणारा गवई म्हणून त्यांची ख्याती होती. ही हौस नव्हती. तंबोऱ्याच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की ती चुकली तर चारही तारा सुरात असूनही वाद्य मुके राहते. ती गोष्ट म्हणजे जवारी.

इतर अनेक तंतुवाद्यांत तार घोडीच्या टोकदार कडेवर टेकते आणि तिथून मोकळी कंप पावते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिचा माथा किंचित उताराचा, गोलाई दिलेला असतो. छेडलेली तार या उताराला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते. प्रत्येक स्पर्शागणिक मूळ सुरावरचे बारीक स्वर, ज्यांना स्वयंभू स्वर म्हणतात, नव्याने जागे होतात. त्यामुळे तार एकच स्वर न देता मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव देते. तारेखाली घोडीवर एक सुती किंवा रेशमी दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढे गेला तर गुंज कोरडी आणि खरखरीत होते. केसभर मागे आला तर ती विझते. या दोहोंच्या मध्ये एक जागा असते, तिथे तार एकदम खुलते. ती जागा मोजपट्टीने सापडत नाही, कानाने सापडते.

दोरा हे रोजचे काम. त्यापेक्षा अवघड काम घोडीचे. वर्षानुवर्षे वाजून तारा घोडीत बारीक खाचा पाडतात, मग दोरा कितीही सरकवला तरी झंकार येत नाही. तेव्हा कानशीने माथा पुन्हा घासून गोलाई आणावी लागते. याला जवारी काढणे म्हणतात. थोडे जास्त घासले गेले तर घोडी वाया जाते. जवारी खुली ठेवायची की बंद, हाही निवडीचाच प्रश्न. खुल्या जवारीत झगमग अधिक, बंद जवारीत गांभीर्य अधिक. गाणाऱ्याची पट्टी, तारांची जाडी, गळ्याचा पोत या सर्वांचा विचार करून ती ठरवावी लागते.

पाश्चात्त्य संगीतात हाच प्रश्न फार उशिरा आणि अपघाताने उभा राहिला. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात यंत्रातील बिघाडामुळे गिटारचा आवाज फाटून घोंघावू लागला. तो बिघाड लोकांना आवडला आणि १९६२ मध्ये तोच आवाज मुद्दाम काढून देणारे माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आले. १९६६ मध्ये आलेले फझ फेस हे पेडल जिमी हेंड्रिक्सने जगप्रसिद्ध केले. फझ पेडल विजेच्या लहरीचे शेंडे छाटते. छाटलेल्या लहरीत मूळ स्वरावरचे अनेक स्वर मिसळतात आणि गिटार गुणगुणू लागते. सुरुवातीच्या पेडलांतील जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर एकसारखे निघत नसत, उष्णतेने त्यांचा स्वभावही बदले. म्हणून एकाच नावाची दोन पेडले वेगळी वाजत आणि वादक अनेकांतून एक निवडून घेत. रॉकच्या दुनियेत फझ पेडल निवडणे हा चोखंदळपणाचा विषय झाला तो यामुळे. तंबोऱ्याचे तंत्र वेगळे आहे, तिथे काही छाटले जात नाही. पण प्रश्न तोच आहे. स्वच्छ सुराभोवती किती गुंज हवी, आणि कुठे ती गोंगाट होते? भारतीय कारागिरांनी आणि गवयांनी हा प्रश्न विजेच्या कितीतरी आधी एका दोऱ्याने सोडवला होता.

विज्ञानाने या दोऱ्याची आणि घोडीची दखल घेतली ती खाँसाहेबांच्या हयातीतच. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर संशोधन प्रसिद्ध केले. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वयंभू स्वरांचा स्थिरबिंदू असतो ते स्वर ऐकू येऊ नयेत, असा जुना नियम होता. तंबोऱ्यात ते ठसठशीत ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवून दिले आणि त्याचे श्रेय घोडीच्या विशिष्ट घडणीला दिले.

स्वरांच्या शास्त्रात खाँसाहेबही ओढले गेले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमंट्स हे दोघे बावीस श्रुतींचे गणित मांडू पाहत होते. या प्रयोगांसाठी त्यांना अचूक आणि स्थिर स्वर लावणारा गळा हवा होता. तो त्यांना अब्दुल करीम यांच्यात मिळाला. १९१६ मध्ये बडोद्यात भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींच्या पेटीवरून मोठा वाद झाला आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पक्षाने ती मांडणी स्वीकारली नाही. गणित कोणाचे खरे, हा वाद विद्वानांत चालू राहिला. खाँसाहेबांपुरते उत्तर तंबोऱ्यात होते. नीट लागलेल्या, नीट जवारी काढलेल्या तंबोऱ्यातून गांधार आपोआप ऐकू येतो, आणि गवयाने त्यात आपला गांधार मिसळायचा असतो. वाद्यच बेसूर असेल तर तो गांधार कोणाच्या आधाराने लावायचा?

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. शिष्यांनी राहून शिकावे, गावे, जलशांत भाग घ्यावा अशी तिथली रीत होती. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे पट्टशिष्य. पुढे त्यांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिणारे बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हेही त्यांच्याच तालमीतले. गोमंतकाला अभिमान वाटावा असा एक धागाही इथे आहे. केरी गावच्या केसरबाई केरकर अवघ्या आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात काही महिने खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे त्यांनी अल्लादिया खाँ यांची जयपूर गायकी आत्मसात केली आणि त्या त्या घराण्याच्या मानबिंदू ठरल्या. पण शास्त्रोक्त संगीताचे पहिले पाठ त्यांना अब्दुल करीम यांच्याकडे मिळाले.

म्हैसूरच्या दरबाराने त्यांना वेळोवेळी बोलावले. तिथे जाता-येता धारवाड, हुबळीचा मुलूख त्यांना परिचित झाला आणि किराणा गायकी कर्नाटकात रुजली. दक्षिणेचे संगीत त्यांनी पाहुण्यासारखे दुरून ऐकले नाही. सरगम गाण्याची तिथली पद्धत त्यांनी आपल्या ख्यालात आणली आणि त्यागराजांच्या कृतीही ध्वनिमुद्रित केल्या. हिंदुस्थानी गवयाने कर्नाटक संगीताकडे विद्यार्थी होऊन पाहण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

ज्याच्या कानाला तारेतील केसभराचा फरक कळत असे, त्याच्या घरातील तार मात्र तुटली. १९२२ च्या सुमारास ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही; सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कृष्णराव माने, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या नावांनी ती वाढली. हिराबाईंना पुढची तालीम मिळाली ती वडिलांकडून नव्हे, तर किराणा घराण्याचेच दुसरे थोर गवई अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. तरीही रसिकांना हिराबाईंच्या स्वरात अब्दुल करीम ऐकू आले. संसार मोडल्यानंतर खाँसाहेब मिरजेला राहिले. ख्वाजा शमना मिरा यांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती आणि तिथे ते सेवा म्हणून गात.

या काळात त्यांचे गाणे अधिकच अंतर्मुख झाले. आवाज बारीक, टोकदार, थोडा नाकातून येणारा. त्यात सिंहगर्जना नव्हती. गळ्यातही जवारी असते असे गवई म्हणतात, आणि खाँसाहेबांच्या गळ्याची जवारी तंबोऱ्याच्या जवारीत मिसळली की गाणारा कुठे संपतो आणि वाद्य कुठे सुरू होते हे कळत नसे, असा त्यांच्या गाण्याचा लौकिक आहे. तीन मिनिटांच्या तबकड्यांत मावलेला त्यांचा झिंझोटी आणि भैरवी घराघरांत पोहोचला. गदगमधील भीमसेन जोशी नावाच्या मुलाने त्यांची तबकडी ऐकली आणि १९३३ मध्ये गाणे शिकण्यासाठी घर सोडले. अखेर तो सवाई गंधर्वांच्या दारी पोहोचला.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासेकडे गेले होते. तिथून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले, तंबोरा जुळवला गेला आणि दरबारी कानड्यात त्यांनी ईश्वराची आळवणी केली, असे त्यांच्या अखेरच्या घटकांविषयी सांगितले जाते. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचा देह मिरजेला आणून शमना मिरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई आजही तिथे हजेरी लावतात.

मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घोडी घासून जवारी काढणारे हात मात्र आता मोजके आहेत, आणि बहुतेक घरांत रियाझाला कळ दाबली की सुरू होणारी तंबोऱ्याची पेटी असते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण पेटीतला झंकार दुसऱ्या कोणीतरी ठरवलेला असतो. फझ पेडल घेणारा आजचा तरुण दुकानात बसून दहा पेडले वाजवून पाहतो, बटण सूतभर फिरवतो, पुन्हा ऐकतो आणि मगच एक उचलतो. तंबोऱ्याच्या विद्यार्थ्याकडून खाँसाहेबांची अपेक्षा याहून वेगळी नव्हती. आधी दोरा सरकवावा, ऐकावे, पुन्हा सरकवावा. आणि तार खुलली म्हणजे मगच षड्ज लावावा.