उगमापासून खाडीपर्यंत : पॅट्रिक गेडिस

बुलढाणा जिल्ह्यात पडलेले पावसाचे पाणी दोन समुद्रांना जाऊन मिळते. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागातले पाणी पूर्णेतून तापीला आणि पुढे सुरतेजवळ अरबी समुद्राला जाते. घाटावरचे बरेचसे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या वाटेने गोदावरीत उतरून बंगालच्या उपसागराकडे वळते. लोणारच्या विवरातले पाणी तेवढे कुठेच जात नाही. खाडीकाठची उद्याने आणि खारफुटी हे विषय अशा जिल्ह्याला परके वाटावेत, हे स्वाभाविकच आहे. मात्र खाडीचे नियोजन डोंगरापासूनच सुरू झाले पाहिजे आणि ते तिथल्या माणसांना बरोबर घेऊन झाले पाहिजे, असा आग्रह शंभर वर्षांपूर्वी एका स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने धरला होता. त्याच्या आयुष्याची ऐन कर्तृत्वाची दहा वर्षे हिंदुस्थानात गेली. पॅट्रिक गेडिस हे त्याचे नाव.

गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. बालपण पर्थ गावाजवळच्या टेकडीवरील घरात गेले. खाली टे नदी, मागे डोंगर, दूरवर शेते, असा सारा मुलूख तिथून एका नजरेत दिसे. पुढे 1888 मध्ये ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. डंडी हे याच टे नदीच्या रुंद खाडीवरचे शहर. नदीचे दोन्ही भाग असे त्यांच्या वाट्याला आले, आणि त्यांतूनच त्यांची प्रसिद्ध आकृती तयार झाली. डोंगरमाथ्यावर खाणकामगार, उतारावर लाकूडतोड्या आणि शिकारी, गवताळ रानात मेंढपाळ, सखल जमिनीत शेतकरी आणि नदीच्या मुखाशी कोळी. एकाने वरचे जंगल तोडले की दुसऱ्याची खाडी गाळाने भरते. म्हणून साऱ्या खोऱ्याची आधी पाहणी आणि मग आराखडा, हा क्रम त्यांनी कधी सोडला नाही.

लंडनमध्ये हक्स्ले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले होते. 1879 मध्ये मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत काढलेल्या त्या आठवड्यांनंतर सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे होईना, आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळले. 1886 मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना देणे आणि पडक्या जागांत बागा फुलवणे, हेच त्यांचे पहिले नगरनियोजन होय. डनफर्मलिन येथील उद्यानासाठी त्यांनी 1904 मध्ये मोठा अहवाल लिहिला. त्यात ओढा स्वच्छ करण्यापासून जुन्या इमारती जपण्यापर्यंत सर्व काही होते. विश्वस्तांनी तो स्वीकारला नाही. असे नकार त्यांना पुढेही पुष्कळ मिळाले, आणि त्याला त्यांची गुंतागुंतीची भाषाही काही अंशी कारणीभूत होती, हे मान्य करावे लागेल.

1914 मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगरविषयक प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एमडनने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे व चित्रे समुद्रात गेली. मित्रांनी धावपळ करून नवी सामग्री उभी केली आणि 1915 च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यातील ठाणे आदी शहरांची त्यांनी पाहणी केली. साहेबी अभियंत्यांची रीत नकाशावर सरळ रेघ मारून वस्ती पाडण्याची. गेडिस आधी गल्लीबोळांतून पायी हिंडत, नंतर पडायला आलेली एकदोन घरेच काढून चौक मोकळा करीत आणि तलाव बुजवण्याऐवजी स्वच्छ राखावेत असे सुचवीत. रस्ता रुंद झाला, पण तिथली माणसे कुठे गेली, हा त्यांचा प्रश्न अधिकाऱ्यांना अडचणीचा वाटे.

1917 हे साल त्यांना फार जड गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलास्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. अ‍ॅना त्या वेळी आजारी होत्या. त्यांना ही वार्ता गेडिस यांनी कळू दिली नाही. जूनमध्ये अ‍ॅनाही गेल्या.

त्यानंतर होळकरांच्या इंदूरमध्ये त्यांनी केलेले काम आजही सांगितले जाते. शहरात प्लेगची धास्ती होती. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि जो मार्ग लोकांनी अधिक स्वच्छ केला असेल त्या मार्गाने ती जाईल, असे जाहीर केले. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत झाडझूड सुरू झाली. मिरवणुकीत प्रचंड उंदराची प्रतिमा होती आणि शेवटी तुळशीची रोपे वाटण्यात आली. आरोग्यखात्याच्या हुकुमाने जे साधले नव्हते, ते सणाने साधले. त्यांचा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये प्रसिद्ध झाला.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गो. स. घुर्ये यांना पुढील शिक्षणासाठी विलायतेला पाठवण्यात त्यांची शिफारस होती. पुढे 1924 मध्ये घुर्ये यांनी तो विभाग सांभाळला. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही गेडिस यांनी याच काळात, 1920 मध्ये लिहिले.

त्यांचे बहुतेक आराखडे कागदावरच राहिले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र मिटलेला नाही. लोणार सरोवराला 2020 मध्ये आणि ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. दोन्ही ठिकाणी पाण्याचे भवितव्य काठावरच्या गावांतील सांडपाण्यावर, शेतीवर आणि उदरनिर्वाहावर अवलंबून आहे. आराखडा ठरताना काठावरच्या शेतकऱ्याला आणि कोळ्याला कितपत विचारले जाते, याचे उत्तर प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते.

प्रकृती खालावल्याने गेडिस यांनी 1924 मध्ये हिंदुस्थान सोडला. फ्रान्समधील माँपेल्ये येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्कॉट्स कॉलेज काढले आणि सभोवती बाग लावली. 1932 च्या आरंभी त्यांना सर हा किताब मिळाला. 17 एप्रिल 1932 रोजी माँपेल्ये येथेच त्यांचे निधन झाले.